पार्किंगमधला प्रेक्षक

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी वैशालीनं, म्हणजे आमच्या सौ.नं, एसी बंद केला, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि हाक मारली, "अहो, या की बाहेर. हवा बघा कशी सुटलीय." मी बाहेर गेलो, ती हवा तोंडावर आली, आणि मला परत आत पळावंसं वाटलं.

शारजात राहणाऱ्या माणसाला या हवेचं काय कौतुक असतं, हे गावाकडच्यांना सांगून कळायचं नाही. मे महिन्यापासून आम्ही बंद खिडक्यांच्या आड असतो. घरातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत, गाडीतून कामावर. स्टीअरिंगला हात लावला तर चटका. गार पाणी म्हणून नळ सोडावा तर आंघोळीला काढल्यासारखं कढत. आणि मग ऑक्टोबर सरता सरता एक संध्याकाळ अशी येते की अख्खं शहर घराबाहेर पडतं. आमच्या बिल्डिंगखालच्या चहावाल्यासमोर गाड्या हॉर्न वाजवत उभ्या राहतात, बायका गवतावर चटया पसरतात, कुणाच्या तरी शेगडीवरच्या कबाबचा धूर वर चौथ्या मजल्यापर्यंत येतो. लोक उगाच हसत असतात. आणि मी आपला कठड्याला घट्ट धरून उभा. माझा धंदा एसीच्या डक्टचा, हमरिया फ्री झोनमध्ये छोटं वर्कशॉप आहे. त्यामुळे आमच्या शेजाऱ्याला वाटतं, थंडी आली की मोहितेंचं काम कमी होतं, म्हणून तोंड पडतं बिचाऱ्यांचं. वाटू दे. खरं कारण सांगितलं तर माणूस हसेल.

खरं कारण हे, की हवा सुटली की फुटबॉलचा सीझन सुरू होतो. आणि आमची मुक्ता तिच्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची गोलकीपर आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आता कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड का, हे मला विचारू नका, ते आमच्या पाण्यातच आहे. बाकी महाराष्ट्र क्रिकेट खेळत होता तेव्हा आमच्या पेठेत तालमीच्या टीमसाठी सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलणं टाकायचे. म्हणूनच मुक्तानं कॉलेजच्या पहिल्या वर्षी येऊन सांगितलं, "बाबा, आय मेड द टीम," तेव्हा मी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. नेपाळी, मल्याळी, पठाण, सगळ्यांना. पेढे कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, मुलगी गोलकीपर झाली. पठाण मिस्त्री म्हणाला, "माशाल्ला, कौनसे बँक में?" त्याला वाटलं नोकरी लागली.

पहिली दोन वर्षं ही टीम सगळ्यांकडून हरली. अगदी पद्धतशीर हरली. मी एकही मॅच चुकवली नाही. माझ्याबरोबर असायचे इक्बालभाई परकार. हे दापोलीकडचे, फ्रोझन मासळीचा व्यापार करतात, आणि त्यांची सना आमची स्ट्रायकर. आम्ही दोघं सिमेंटच्या पायऱ्यांवर थर्मास घेऊन बसायचो आणि गोल मोजायचं सोडून द्यायचो. हरणाऱ्या टीमवर जीव लावणं लई सोपं असतं. भीती म्हणून काही नसते. काय वाईट व्हायचं ते होऊनच गेलेलं असतं.

भीती सुरू झाली गेल्या सीझनपासून. जिंकायला लागल्यापासून.

गेल्या वर्षीच्या पहिल्या मॅचची गोष्ट. आम्ही नेहमीप्रमाणे दोन गोलनं मागे. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन आला, पांढरी पिकअप कुणाची, कुणाची तरी गाडी अडलीय. पिकअप माझी. मी चरफडत पार्किंगमध्ये गेलो, गाडी काढली, दुसरीकडे लावायला जागा शोधू लागलो, आणि आतून ओरडा झाला. मग जागा मिळाली, रिव्हर्स घेतो तोवर दुसरा ओरडा. गाडी बंद करून खाली उतरतोय तोच तिसरा, आणि ढोल. मी धावत आलो तर पायऱ्यांच्या तोंडाशी इक्बालभाई दोन्ही हात पसरून उभे.

"मोहिते, मागं फिरा!"

"अहो, काय झालं काय?"

"तीन गोल झाले! तुम्ही गेलात आणि तीन झाले! आता आत यायचं नाय. अल्लाची शप्पथ आहे तुम्हाला. गाडीत जाऊन बसा."

आणि मी गेलो. मुकाट्यानं गेलो. कारण यात न कळण्यासारखं काय होतं? आपण सगळे असंच तर मॅच बघत लहानाचे मोठे झालो. आमच्या घरी वर्ल्डकपची मॅच होती, थोरला चुलता शेजारून घरात येत होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि त्याच क्षणी सिक्सर बसला. झालं! "तात्या, हलायचं नाही!" सगळं घर ओरडलं. तात्या तसेच उभे राहिले. पार्टनरशिप जमली, रंगली, चुलतीनं त्यांना तिथंच ताट दिलं, ते उभ्यानं जेवले. मग लघवीला गेले आणि विकेट पडली. वारले तेव्हाही दोन भाच्यांनी तो विषय काढलाच. असल्या घरातला मी. मला "तू आत आलास की टीम हरते" हे पटवायला कितीसा वेळ लागणार?

त्या दिवसापासून मी पार्किंगमधला प्रेक्षक झालो. पुढच्या मॅचला इक्बालभाईंनी फक्त पाहिलं माझ्याकडे, मी किल्ली काढली. आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या मॅचला अख्ख्या टीमला कळलं होतं. कॅप्टन मरियम, इजिप्तची, सेंटर बॅक, दाराएवढी मुलगी, वॉर्मअप सोडून माझ्यापाशी आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "अंकल, कार. यल्ला." म्हणजे चला, निघा. मुक्ता मागे उभी राहून हसत होती. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. मैदानावर अकरा, आणि बाहेर गाडीत बारावा!

वैशालीला हे ऐकून शिसारी आली. ती दुबईत ऊद मेथाच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला असल्या गोष्टींचा मनापासून राग आहे. "तुम्ही गाडीत बसलात हे त्या चेंडूला कसं कळतं, एवढं मला समजावून सांगा."

"चेंडूला सगळं कळतं," मी म्हणालो.

"आणि तो निळा शर्ट धुवायला टाका. वास मारतोय."

"शर्टाला हात लावायचा नाही. सीझन संपेपर्यंत नाही."

तिनं धुतला. पुढची मॅच बरोबरीत सुटली. आमच्या घरात चार दिवस अबोला.

पण गाडीत बसून मॅच बघणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. नियम असा होता की फोन बंद. इक्बालभाईंनी मेसेज केला तर ते बघितल्यासारखंच होणार, म्हणून तेही नाही. काचा थोड्या खाली. समोर भिंत, भिंतीवर पाण्याच्या टाकीची सावली, पलीकडे फ्लडलाइटचा पांढरा उजेड. आणि फक्त आवाज. हळूहळू मला आवाज कळायला लागले. आपला गोल झाला की इजिप्शियन मुलींच्या आया जिभेनं तो लांबलचक ललकार काढतात, लग्नात काढतात तसा. गोल खाल्ला की आधी काहीच नाही, आणि मग लांबून, पलीकडच्या बाजूनं, पातळसा जल्लोष. चेंडू खांबाला लागला की पाइपचा ठण्ण आवाज, तो तर मला झोपेतही ओळखू येईल, पत्र्या-पाइपात जन्म गेलाय. एक आवाज मात्र कधी सापडला नाही. गोलकीपर सारखी ओरडत असते म्हणे, आपल्या बॅकना सांगत असते. त्या गलक्यात माझ्या पोरीचा आवाज कुठला, ते मला काही केल्या कळायचं नाही.

जीव मुठीत धरून बसायचो. हसू नका. पन्नाशीचा माणूस, हाताखाली माणसं, कस्टमरशी दणकून भांडणारा, आणि गाडीत एकटा बसून घामानं निथळतोय. उजवा हात गिअरवर होता तेव्हा गोल झाला म्हणून उजवा हात गिअरवरच. हालचाल बंद. नाक खाजवायची चोरी. मला वाटायचं, मी एक बोट हलवलं तर आत कुठंतरी काहीतरी निसटेल आणि ते मुक्ताच्या अंगावर जाईल. हा विचार वेडगळ आहे हे मला कळत होतं. पण भीतीला कळून काय उपयोग? ती कळण्याच्या आधी येते आणि कळल्यानंतरही जात नाही.

आणि आम्ही जिंकत गेलो. सेमीफायनलला पोचलो.

ती मॅच होती अबू धाबीला, खलिफा सिटीमध्ये. फेब्रुवारी होता, इथल्या मानानं चांगलीच थंडी. एअरपोर्ट जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमानं इतक्या खालून जात होती की मला आतला आवाज आणि विमानाचा आवाज वेगळा करता येईना. ललकार आला असं वाटायचं, तर विमान. मग विमान म्हणून सोडून दिलं, तर तो गोल निघाला. एक-एक झालं असावं असा माझा अंदाज. हाफटाइम होऊन गेला. पार्किंगमधले दिवे लागले.

मग शांतता झाली.

विमान नव्हतं, ढोल नव्हता, शिट्टी नव्हती. पेनल्टी असेल, मी म्हटलं. पेनल्टीच्या आधी लोक असेच गप्प होतात. मी उजवा हात गिअरवर घट्ट केला. शांतता संपेना. एवढा वेळ पेनल्टी कुणी घेत नाही. तेवढ्यात मागून दिवे चमकले. आरशात बघतो तर अॅम्ब्युलन्स. आत जायला रस्ता नव्हता, माझ्या पिकअपचं नाक आडवं आलं होतं. ड्रायव्हरनं हात केला. मी गाडी मागे घेतली, नीट जागा करून दिली, त्यानं काचेतून "शुक्रन" म्हटलं, मीही हात वर केला. अॅम्ब्युलन्स आत गेली. कुणाची तरी पोर पडली, मी मनात म्हणालो. कुणाची तरी.

आणि मग इक्बालभाई येताना दिसले. ते धावत नव्हते. धावत असते तर बरं झालं असतं. ते भरभर चालत होते, जसा माणूस वाईट बातमी घेऊन येताना धावायचं टाळतो तसे. दार उघडायला हात उचलेना.

"मोहिते, चला. घाबरू नका. डोळे उघडलेत तिनं."

डोळे उघडलेत म्हणजे मिटले होते.

कॉर्नरचा चेंडू पकडायला ती पुढे झेपावली, समोरच्या मुलीचा गुडघा कानशिलावर बसला. कुणाची चूक नाही. खेळात होतं. मी पोचलो तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, मान पट्ट्यानं बांधलेली, ग्लोव्ह्ज हातातच. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम काळजीत पडला.

"बाबा, व्हाय आर यू हिअर? मॅच संपली नाही. गो सिट इन द कार."

मरियम बाजूला रडत होती. मी स्ट्रेचरबरोबर चालायला लागलो.

अॅम्ब्युलन्समध्ये तिनं विचारलं, "बाबा, स्कोअर?" मी सांगितलं, वन-वन. ती बरं म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "बाबा, स्कोअर?" त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. वन-वन. पुन्हा. वन-वन. मुक्ता लहानपणी तापात बरळायची, तेव्हाही मी घाबरलो होतो, पण ते निराळं. ही बरळत नव्हती. नीट, शहाण्यासारखं विचारत होती, आणि माझं उत्तर कुठंतरी पडून जात होतं. मला वाटलं, आता ही जन्मभर मला हेच विचारत राहणार आणि मी हेच सांगत राहणार.

तसं झालं नाही. मेंदूला हादरा बसला होता, डॉक्टर म्हणाले, जपा, विश्रांती द्या. अंधाऱ्या खोलीत ती पडून राहायची. फोन नाही, टीव्ही नाही. वैशाली संध्याकाळी शाळेतून शारजा-दुबईचं ते ट्रॅफिक चिरत यायची आणि पर्स न ठेवता तिच्या खोलीत जायची. हळूहळू डोकेदुखी गेली, उजेड सोसायला लागला, ती हसायला लागली. सेमीफायनल आम्ही हरलो होतो. एका दुपारी जेवताना मुक्ताच म्हणाली, "बाबा, टेक्निकली, तू गाडीतून उतरलास, म्हणून हरलो." सना आली होती भेटायला, दोघी खूप हसल्या. मला हसू आलं नाही. मी उठून हात धुवायला गेलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो.

असो. नवीन सीझन. कुणी मला टीमबद्दल विचारलं, आणि इक्बालभाई रोज विचारतात, तर मी चाहता म्हणून प्रामाणिकपणे सांगेन की यंदा आपलं काही खरं नाही. मरियम आहे, पण तिचा गुडघा कुरकुरतोय. लेफ्ट बॅक पास होऊन गेली, आणि तिच्या जागी जी आली ती चेंडू आला की आधी देवाचं नाव घेते आणि मग पाय उचलते. मिडफिल्डमध्ये खिंडार. सना मात्र फॉर्मात आहे, पण तिला चेंडू देणार कोण? नवा कोच भला माणूस, इतका भला की ओरडतच नाही. आणि पहिल्या वर्षाची एक राखीव गोलकीपर आलीय, उंच, लांब हातांची. प्रॅक्टिसमध्ये मी तिला बघितलं. चांगली आहे. मुक्ताइतकी नाही.

हे शेवटचं वाक्य बोललो आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. कारण चाहता म्हणून मला मुक्ताच हवी होती गोलमध्ये, तिच्यासारखी कीपर या लीगमध्ये नाही, हे मी बाप म्हणून बोलत नाही. आणि बाप म्हणून मी गेले पंधरा दिवस रोज सकाळी आंघोळ झाली की अंबाबाईला हात जोडून काय मागत होतो? की कोचला सुबुद्धी दे, त्या लांब हातांच्या पोरीला घे म्हणावं, आमच्या पोरीला बाकावर बसव. टीमचं वाटोळं झालं तरी चालेल. असला कसला निष्ठावंत चाहता मी!

घरात मी काही बोलायची सोय नव्हती. एकदा जेवताना भीत भीत म्हणालो, "मुक्ता, ते डोक्याला घालतात ना, मऊसं, पट्ट्यासारखं, ते—"

"आय हॅव इट, बाबा. आय ॲम फाइन."

"नाही, पण कॉर्नरला—"

"बाबा. आय ॲम फाइन. रिलॅक्स."

"अहो, तिचं ती बघेल," वैशाली म्हणाली. "डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय, ती वीस वर्षांपुढची आहे, तिला खेळायचंय. खलास. भाजी घ्या."

मी भाजी घेतली. वैशालीनं मला तीनदा वाढली तीच भाजी, आणि चौथ्यांदा वाढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. तिच्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे तीही घाबरलेली. पण ती बोलणार नाही. गणिताची बाई आहे.

काल पहिली मॅच झाली.

संध्याकाळच्या अजानला आम्ही मैदानावर पोचलो. मुक्ता पुढे पळाली. मी पिकअप नेहमीच्या भिंतीसमोर लावली, काच खाली केली, फोन बंद केला. यंदा गाडीत बसायचं की आत, हा विचार मी महिनाभर करत होतो, पण खरं सांगतो, तिथं पोचल्यावर मला गाडीतच बसायचं होतं. टीमसाठी नाही. मला बघायचंच नव्हतं. मरियम लंगडत लंगडत आली, "अंकल, कार?" म्हणाली, मी मान हलवली, तिनं अंगठा दाखवला. चला, म्हटलं, सुटलो.

मग काचेवर टकटक झाली. मुक्ता. किट घातलेली, डोक्याला तो मऊ पट्टा, ग्लोव्ह्ज हातात.

"बाबा, उतर. आज गाडीत नको. गोलच्या मागे येऊन उभा राहा."

"अगं पण टीम—"

"तू मला दिसायला पाहिजेस."

मला काही कळेना. "का गं? बरं नाही वाटत? डोकं दुखतंय? कोचला सांगू?"

"डोकं नाही दुखत." ती ग्लोव्हचा पट्टा लावायला बघत होती आणि तो चिकटत नव्हता. "मला भीती वाटते, बाबा. कॉर्नर आला ना, की पाय हलत नाहीत. प्रॅक्टिसमध्येपण."

"आणि मग रोज आय ॲम फाइन, आय ॲम फाइन काय लावलंय?"

"मग काय सांगू? तू आधीच एवढा घाबरलेला. तुला सांगितलं असतं तर तुलाच अॅडमिट करायला लागलं असतं."

मी खाली उतरलो. तिचा एक हात माझ्या हातात घेतला आणि पट्टा लावून दिला. मग दुसरा. मलाही तो एका फटक्यात लागेना, पण दोघांचं मिळून जमलं. शाळेत असताना तिच्या बुटाची लेस बांधायचो तेव्हा ती माझ्या डोक्यावर हात टेकून उभी राहायची, वेळ होतोय म्हणून तगादा लावायची. काल ती गप्प उभी होती.

"नाही खेळलीस तरी चालेल," मी म्हणालो. महिनाभर घशात अडकलेलं वाक्य.

"मला माहितीये. पण मला खेळायचंय."

"आणि मी आत आलो आणि टीम हरली तर?"

"तर हरू दे ना," ती म्हणाली.

ती पुढे आणि मी मागे. पायऱ्यांपाशी इक्बालभाईंनी मला बघितलं, दोन्ही हात पसरले, "मोहिते—" म्हणाले, मग त्यांनी मुक्ताचा चेहरा बघितला आणि हात खाली घेतले. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मरियम आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटली. मी कुणाकडे न बघता गोलच्या मागच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो.

एवढ्या जवळून मी मॅच कधी बघितली नव्हती. चेंडू एवढ्या जोरात येतो हे मला माहीत नव्हतं. आणि तो आवाज, जो मी वर्षभर गाडीत बसून शोधत होतो, तो तर पहिल्या मिनिटापासून माझ्यापुढेच होता. "मरियम, लेफ्ट! लेफ्ट! लुक अप!" खर्जातला, हुकमी, ठसठशीत. आमच्या घरात असा आवाज कुणाचाच नाही. मी बावचळलो. ही कोण?

मग पहिला कॉर्नर आला, आणि तो आवाज बंद पडला. चेंडू उंच आला, तिच्याच टप्प्यात होता, गेल्या वर्षी तिनं तो फळासारखा तोडून घेतला असता. ती हलली नाही. मला तिचे पाय दिसत होते, रेषेवर रोवल्यासारखे. त्यांच्या एका उंच मुलीनं डोकं लावलं, चेंडू जाळीत, माझ्या पोटासमोर. पलीकडून तो पातळ जल्लोष. मुक्ता वळून चेंडू उचलायला आली. आमच्यात जाळी तेवढी होती. तिनं वर बघितलं नाही. पायऱ्यांवरून कुणीतरी हिंदीत पनवती म्हणाल्याचं मी ऐकलं. गेल्या वर्षी ऐकलं असतं तर मी पळत सुटलो असतो.

हाफटाइमला बाजू बदलल्या. मी सगळ्या प्रेक्षकांच्या समोरून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे गेलो. बाराशे डोळे माझ्यावर असल्यासारखं वाटलं. जाऊन उभा राहिलो. तिनं एकदा मागे बघितलं, मी आहे बघून पुढे वळली.

दुसरा कॉर्नर बराच उशिरा आला. त्यांची तीच उंच मुलगी पुढे येऊन उभी राहिली. माझं काळीज इतकं धडधडत होतं की जाळी हलतेय असं वाटलं. मी मनात म्हणत होतो, नको जाऊ, नको जाऊ, गोल होऊ दे, दहा होऊ देत. चेंडू निघाला. तिचा डावा पाय रेषेवर होता. मला तो दिसत होता. तो उचलला गेला.

"कीपर!" ती ओरडली आणि गेली.

चार-पाच जणी एकावर एक. कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर, काही दिसलं नाही. सगळ्या कोसळल्या. आणि तीच शांतता झाली, खलिफा सिटीतली, फक्त आता माझ्या पुढ्यात भिंत नव्हती. मला सगळं दिसत होतं. एकेक मुलगी उठली. सर्वांत खाली ती होती, गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, डोळे मिटून. मी डोळे मिटले नाहीत. मी दोन्ही हातांनी जाळी धरली होती.

मग त्या गठड्यातून आधी चेंडू दिसला, पोटाशी घट्ट धरलेला. मग ती उठून बसली. डोक्याचा पट्टा सारखा केला. "आउट! एव्हरीबडी आउट! पुश अप!" असं तिच्या त्या परक्या आवाजात खेकसली, उभी राहिली, चेंडू दोनदा आपटला, आणि लाथ मारायच्या आधी मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या गालाला माती लागली होती.

"बाबा," ती सगळ्या मैदानासमोर ओरडली, "श्वास घे!"

मी घेतला. आम्ही एका गोलनं मागे होतो, मॅच अजून बरीच बाकी होती, आणि पुढे अख्खा सीझन.